रंगांची भाषा : मोटारशर्यती, संघांची ओळख आणि तंबाखू

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मोटारशर्यतींवरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार या विषयांवर अधिकाराने लिहिणारे तज्ज्ञ आपल्यात पुष्कळ आहेत. मी नाक-कान-घशाचा डॉक्टर. गेली अनेक वर्षे इंदुरात व्यवसाय करतो. फॉर्म्युला वनच्या शर्यती दूरचित्रवाणीवर पाहणे हा माझा जुना छंद आहे. आणि जेमतेम दोन बोटे शिरतील एवढेच तोंड उघडणारी विशी-पंचविशीतील मुले तपासणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. सुपारी आणि तंबाखू यांनी आतून आवळलेले ते गाल आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले आहेत.

या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. एखादी वस्तू नाव न घेता कशी विकावी, केवळ रंग, आकार आणि आपुलकी यांच्या बळावर ती माणसाच्या मनात कशी रुजवावी, याचा जगातील सर्वांत महागडा आणि सर्वांत यशस्वी प्रयोग मोटारशर्यतींच्या मैदानावर झाला. तो समजून घेतला म्हणजे आपल्या चौकातील पानठेल्यावर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळेचा अर्थही नीट कळतो.

निशाणांचे दिवस

प्रारंभी शर्यतीच्या मोटारीवर कोणाचीही जाहिरात नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी, गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यतींपासून, मोटारीचा रंग हा देशाचा रंग असे. फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल, बेल्जमचा पिवळा, जर्मनीचा पांढरा आणि ब्रिटनचा हिरवा. १९०३ सालची गॉर्डन बेनेट शर्यत ब्रिटनने भरवायची होती. परंतु इंग्लंडच्या रस्त्यांवर शर्यतींना मनाई असल्यामुळे ती आयर्लंडमध्ये झाली, आणि त्या हिरव्या बेटाच्या सन्मानार्थ ब्रिटिश मोटारींनी हिरवा रंग धारण केला, असे सांगतात. पुढे तोच 'ब्रिटिश रेसिंग ग्रीन' म्हणून प्रसिद्ध झाला.

जर्मनीच्या पांढऱ्याचा चंदेरी कसा झाला, याची कथा मनोरंजक आहे. १९३४ साली मोटारीचे वजन ७५० किलोंपेक्षा अधिक नसावे असा नियम आला. नूरबर्गरिंग येथील शर्यतीच्या आदल्या दिवशी मर्सिडीजची मोटार एक किलोने जड भरली, तेव्हा रातोरात पांढरा रंग खरवडून काढला आणि सकाळी ॲल्युमिनियमचा उघडा पत्रा चकाकू लागला, अशी आठवण संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबावर यांनी पुढे सांगितली. ती अक्षरशः खरी असावी काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि 'रुपेरी बाण' हे बिरुद मर्सिडीजला जे चिकटले ते चिकटलेच. संघाची ओळख घडण्यास केवळ रंग पुरत नाही, रंगामागे एक गोष्ट लागते, हे यावरून दिसते.

फेरारीच्या घोड्यामागेही अशीच गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धातील इटलीचा विख्यात वैमानिक फ्रांचेस्को बाराका याच्या विमानावर उधळलेल्या काळ्या घोड्याचे चित्र असे. तो १९१८ साली मारला गेला. पुढे त्याच्या मातेने तरुण एन्झो फेरारीला ते चिन्ह आपल्या मोटारीवर लावण्यास सुचवले. एन्झोने घोडा घेतला आणि त्यामागे आपल्या मोदेना गावाचा पिवळा रंग दिला. वीराचे स्मरण, मातेचा आशीर्वाद आणि गावाचा अभिमान एवढे सगळे त्या चिमुकल्या पदकात सामावले आहे. १९६४ साली इटलीच्या मोटारसंघटनेशी बिनसले तेव्हा याच एन्झोने हंगामाच्या अखेरच्या दोन शर्यतींत आपल्या मोटारी लालऐवजी निळ्या-पांढऱ्या रंगात उतरवल्या, आणि जॉन सर्टीस त्या रंगात जगज्जेता झाला. रंग बदलणे हाच निषेध ठरावा, एवढे त्या रंगाचे मोल होते.

आपल्याला हे परके वाटू नये. भगव्या झेंड्याचा आणि जरीपटक्याचा मान काय होता, हे शिंदे-होळकरांच्या मुलखात वाढलेल्यांना सांगावे लागत नाही. निशाण पाहून माणसे जीव द्यायला धावत. नेमकी हीच धाव पुढे कोणीतरी भाड्याने घेतली.

१९६८ : निशाण विकले गेले

ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९६५ पासून दूरचित्रवाणीवर सिगारेटची जाहिरात बंद झाली. तंबाखू कंपन्यांजवळ पैसा होता, पण तो खर्च करण्याचे सर्वांत प्रभावी साधन हातचे गेले होते. दुसऱ्या बाजूस शर्यतींचा खर्च वाढत चालला होता, आणि टायर व तेल कंपन्यांच्या मदतीवर संघांचे भागेनासे झाले होते. १९६८ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने मोटारव्यवसायाबाहेरील प्रायोजकांस मुभा दिली. दोन गरजवंतांची गाठ पडण्यास वेळ लागला नाही.

लोटस संघाचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी आपल्या मोटारीचा हिरवा रंग उतरवला आणि तिला 'गोल्ड लीफ' या सिगारेटच्या पाकिटाचे लाल, पांढरे व सोनेरी रूप दिले. संघाचे नावसुद्धा 'गोल्ड लीफ टीम लोटस' असे झाले. त्या वर्षी एप्रिलमध्ये या संघाचा महान चालक जिम क्लार्क हॉकेनहाइम येथे अपघातात गेला होता. शोकात बुडालेल्या त्या संघाला ग्रॅहम हिलने मे महिन्यात स्पेनच्या शर्यतीत विजय मिळवून दिला, तो याच नव्या रंगात. क्लार्कविषयीचा हळहळता जिव्हाळा आणि हिलविषयीचे कौतुक, दोन्ही नकळत एका सिगारेटच्या पाकिटाशी जोडले गेले.

१९७२ साली लोटसची मोटार काळी झाली आणि तिच्यावर सोनेरी रेघा आल्या. 'जॉन प्लेअर स्पेशल' सिगारेटचे पाकीट तंतोतंत तसेच होते. आता मोटारीचे नावही 'जॉन प्लेअर स्पेशल' असेच दिले जाऊ लागले. त्याच वर्षी एमर्सन फिटिपाल्डी त्या मोटारीतून जगज्जेता झाला. आजही जुन्या रसिकांना सर्वांत देखणी मोटार कोणती म्हणून विचारले, तर पुष्कळजण तिचेच नाव घेतील. मुलांच्या खेळण्यांतल्या मोटारीही त्याच काळ्या-सोनेरी रंगात निघाल्या. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या खिशात सिगारेटचे पाकीट सापडले असते तर घरात आकांत झाला असता. त्याच पाकिटाची चार चाके लावलेली प्रतिकृती मात्र वाढदिवसाची भेट म्हणून येत होती.

लाल-पांढरा त्रिकोण

या विद्येत सर्वांत पुढे गेली ती 'मार्लबरो'. १९७४ पासून १९९६ पर्यंत मॅक्लारेन संघाच्या मोटारी लाल-पांढऱ्या होत्या. पांढऱ्यावर उतरत्या छपरासारखा लाल त्रिकोण, ही पाकिटाचीच आकृती होती. त्या मोटारींवरचा लाल हा प्रत्यक्षात भडक, नारिंगीकडे झुकणारा चमकरंग असे; कारण दूरचित्रवाणीच्या पडद्यावर तोच पाकिटाच्या लालसारखा दिसे. मैदानावर बसलेल्या हजारांसाठी नव्हे, तर घरी बसलेल्या कोट्यवधींसाठी रंग निवडला गेला होता. १९८८ साली आयर्टन सेना आणि आलँ प्रोस्त यांच्या मॅक्लारेनने सोळांपैकी पंधरा शर्यती जिंकल्या. दर पंधरवड्यास विजेत्याच्या मोटारीचे तेच रंग, त्याच्या अंगरख्यावर तेच रंग, त्याच्या शिरस्त्राणाभोवती तेच रंग.

इतर कंपन्यांनीही आपापले संघ गाठले. कॅमलचा पिवळा लोटसवर आला, रॉथमन्सचा निळा विल्यम्सवर आणि बेन्सन अँड हेजेसचा सोनेरी-पिवळा जॉर्डनवर. ब्रिटिश अमेरिकन टोबॅको कंपनीने तर कोणाच्या मोटारीवर जागा घेण्याऐवजी स्वतःचाच संघ उभारला. १९९९ साली या संघाला आपल्या दोन मोटारी दोन वेगळ्या सिगारेटच्या रंगांत उतरवायच्या होत्या. एका संघाच्या दोन्ही मोटारी सारख्याच दिसल्या पाहिजेत, असा नियम महासंघाने दाखवला. तेव्हा त्यांनी प्रत्येक मोटार मधोमध विभागली, अर्धी एका रंगात आणि अर्धी दुसऱ्या. मध्ये कपड्याच्या चेनचे चित्र! नियम पाळला गेला आणि दोन्ही पाकिटे जगभर फिरली.

नाव गेले, ओळख राहिली

आपल्या दृष्टीने या कथेचा गाभा येथून सुरू होतो. फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी अशा देशांत शर्यतीच्या वेळी सिगारेटचे नाव दाखवण्यास बंदी होती. फ्रान्सचा कडक एव्हँ कायदा १९९३ पासून पूर्णपणे अमलात आला. मग संघांनी काय केले? त्यांनी नाव काढले आणि बाकी सर्व तसेच ठेवले.

मॅक्लारेनच्या मोटारीवर पुढे 'वेस्ट' हे सिगारेटचे नाव असे. बंदीच्या देशांत त्याच जागी, त्याच वळणाच्या अक्षरांत 'मिका' आणि 'डेव्हिड' अशी चालकांची नावे येत. जॉर्डनची गंमत याहून वरची होती. 'बेन्सन अँड हेजेस'मधील काही अक्षरे गाळली की इंग्रजीत 'बी ऑन एज' उरते. बंदीच्या देशांत मोटारीवर तेवढेच असे, आणि गाळलेली अक्षरे प्रेक्षक मनातल्या मनात भरत. गाळलेले अक्षर स्वतः भरणाऱ्याच्या मनावर ते वाचणाऱ्यापेक्षा खोल ठसते, हे पाठांतर केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

पावलोव्हचा कुत्रा आपण सर्वांनी पहिल्या वर्षाच्या शरीरक्रियाशास्त्रात अभ्यासला. घंटा आणि अन्न पुरेसे वेळा एकत्र आले की पुढे अन्नाची गरज राहत नाही. नुसत्या घंटेने लाळ सुटते. पंचवीस वर्षे रंग आणि नाव एकत्र दाखवल्यानंतर नाव काढून टाकणे म्हणजे अन्न काढून घंटा तशीच वाजत ठेवणे होय. कायद्याने अन्नावर बंदी घातली होती. घंटेचे काय करायचे, याचा विचार त्यात नव्हता.

या खेळाचा सर्वांत ठळक अंक फेरारीच्या मोटारीवर झाला. १९९७ पासून संघाचे अधिकृत नावच 'स्कुदेरिया फेरारी मार्लबरो' असे होते, आणि त्या सुमारास फेरारीच्या पारंपरिक लालची छटाही काहीशी उजळ, नारिंगीकडे झुकलेली झाली. युरोपीय संघाचा नवा निर्देश ३१ जुलै २००५ पासून लागू झाल्यावर एकेक तंबाखू कंपनी मैदान सोडून गेली. मार्लबरोची मालक कंपनी मात्र फेरारीबरोबर राहिली. पुढे मोटारीवर नावाऐवजी उभ्या रेघांचा एक पट्टा दिसू लागला, दुकानातील मालावर असतो तसा. मोटार वेगात गेली की त्या लाल, पांढऱ्या व काळ्या रेघांत पाकीट दिसते, असा आक्षेप होता. २०१० साली तो जाहीरपणे मांडणाऱ्यांत लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या तंबाखूविषयक सल्लागार गटाचे प्रमुख, श्वसनविकारतज्ज्ञ प्रा. जॉन ब्रिटन हे होते. ती आकृती पाकिटाच्या खालच्या अर्ध्या भागासारखी दिसते, असे त्यांनी म्हटले. फेरारीने आरोप फेटाळला. परंतु त्याच मे महिन्यात, स्पेनच्या शर्यतीपूर्वी, पट्टा काढला. २०११ च्या जुलैत संघाच्या नावातूनही सिगारेट गेली.

एका डॉक्टराने मोटारीकडे पाहिले, आणि इतरांना जेथे रेघा दिसत होत्या तेथे त्याला पाकीट दिसले. आपल्या व्यवसायात यालाच निदान म्हणतात.

मुलांवर खरोखर परिणाम होतो काय?

कंपन्यांचे उत्तर ठरलेले असे : जाहिरातीने नवे ओढणारे तयार होत नाहीत, ओढणारे फक्त एका छापाकडून दुसऱ्या छापाकडे वळतात. या दाव्याला दोन उत्तरे मिळाली. त्यांतले पहिले आपल्या गोव्यातून आले, याचा मला विशेष अभिमान वाटतो.

१९९५ साली भारत-न्यूझीलंड क्रिकेट मालिका एका सिगारेट कंपनीच्या नावाने झाली. गोव्यातील शल्यचिकित्सक डॉ. शरद वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यानंतर शाळकरी मुलांची पाहणी केली आणि १९९६ साली ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. सिगारेट ओढल्याने खेळ सुधारतो, अशा समजुती मुलांत होत्या, आणि या समजुतींचा सिगारेट ओढून पाहण्याशी संबंध होता. पुढे १९९७ साली गोव्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यासाठी झटणाऱ्यांत डॉ. वैद्य अग्रभागी होते.

दुसरे उत्तर इंग्लंडमधून आले. अॅन चार्लटन व सहकाऱ्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना दूरचित्रवाणीवरील त्यांचा आवडता खेळ विचारला आणि वर्षभराने त्यांना पुन्हा गाठले. मोटारशर्यत आवडणाऱ्या मुलांत नियमित धूम्रपान करू लागलेल्यांचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट होते. हा अभ्यास १९९७ च्या नोव्हेंबरात 'लॅन्सेट'मध्ये आला.

नियती कधी कधी तारखा मोठ्या कौशल्याने जुळवते. त्याच नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये वादळ उठले होते. फॉर्म्युला वनचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन यांनी त्या वर्षाच्या जानेवारीत मजूर पक्षाला १० लाख पौंडांची देणगी दिली होती. मे महिन्यात तो पक्ष सत्तेवर आला, आणि पुढे त्याच्या सरकारने तंबाखू-प्रायोजकत्वाच्या बंदीतून मोटारशर्यतींना सूट देण्याची भूमिका घेतली. देणगीची बातमी फुटल्यावर पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना दूरचित्रवाणीवर खुलासा करावा लागला आणि पैसे परत करण्यात आले.

एकाच कारखान्याच्या सहा पाट्या

संघाची ओळख ही किती वरवरची आणि तरीही किती प्रभावी असते, याचे एक उदाहरण आपल्या देशाशी जोडलेले आहे. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे एक कारखाना आहे. १९९१ साली तेथून जॉर्डनच्या हिरव्या मोटारी निघाल्या, पुढे त्या सिगारेटच्या पिवळ्या झाल्या. २००५ साली याच संघातून नारायण कार्तिकेयन हा फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. २००६ साली संघ मिडलंड झाला, २००७ साली नारिंगी स्पायकर, आणि २००८ साली विजय मल्ल्यांचा फोर्स इंडिया. २००९ च्या मोटारीवर पांढऱ्यावर केशरी आणि हिरवा आला. त्या वर्षी बेल्जममध्ये जान्कार्लो फिसिकेलाने दुसरा क्रमांक मिळवला तेव्हा आपल्यापैकी अनेकांची छाती अभिमानाने फुगली. चालक इटालियन, कारखाना इंग्रज, इंजिन जर्मन. आपले होते ते तीन रंग! २०१८ साली संघ आर्थिक अडचणीत सापडून रेसिंग पॉइंट झाला, आणि २०२१ पासून ॲस्टन मार्टिन म्हणून पुन्हा गडद हिरवा, ब्रिटनचा जुना हिरवा.

कारखाना तोच, कारागीर बहुतांशी तेच; पाट्या सहा आणि प्रत्येक पाटीसाठी जीव टाकणारे लोक वेगळे. रंग पाहून आपुलकी वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्यात गैर काही नाही. त्या आपुलकीच्या आडून आपल्याला काय दिले जात आहे, एवढेच तपासायचे.

गणवेशाची दुसरी बाजू

एकाच बाजूने लिहिणे अन्यायाचे होईल, म्हणून संघभावनेचा दुसरा चेहराही सांगतो. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयातील हृदयशल्यचिकित्सक मार्टिन एलियट आणि अतिदक्षता विभागातील ॲलन गोल्डमन यांनी दूरचित्रवाणीवर शर्यत पाहताना एक गोष्ट टिपली. पिटमध्ये मोटार थांबते, सारख्या वेशातील माणसे तिच्यावर तुटून पडतात आणि काही सेकंदांत ती बाहेर पडते. कोणी कोणाच्या आड येत नाही. शस्त्रक्रियागृहातून अतिदक्षता विभागात बालरुग्ण सोपवताना मात्र नळ्या, तारा आणि सूचना यांचा गोंधळ उडे. त्यांनी फेरारीच्या माणसांचा सल्ला घेतला. नेतृत्व कोणाचे, कोणी कोठे उभे राहायचे, आधी यंत्रे जोडायची की आधी माहिती द्यायची, हे सगळे ठरवून दिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रत्येक रुग्णामागे तांत्रिक चुकांची सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आली आणि माहितीतील गाळण २.०९ वरून १.०७ वर.

शर्यतीतील संघभावना खरी आहे, कष्टाने मिळवलेली आहे, म्हणूनच ती मोलाची आहे. चाक बदलणारा कारागीर आणि जिवावर उदार झालेला चालक यांनी जे प्रेम कमावले, ते एका पाकिटाने भाड्याने घेतले. तक्रार असलीच तर ती या भाडेपट्ट्याविषयी आहे. सर्वांनीच तो केला असेही नाही. विल्यम्स संघाने २००० पासून तंबाखूचा पैसा घेतला नाही. २००३ साली तर त्यांच्या मोटारीवर सिगारेट सोडवणाऱ्या निकोटिन पट्टीचे नाव झळकले.

आपल्या अंगणात

आपल्या देशात २००३ च्या कायद्याने तंबाखूची प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष जाहिरात आणि प्रायोजकत्व यांस बंदी केली, आणि मे २००४ पासून ती अमलात आली. त्याआधीच, २००१ साली, क्रिकेटपटूंच्या सदऱ्यावरून सिगारेटचे नाव उतरले होते. २०१२ च्या एप्रिलपासून आपल्या मध्यप्रदेशाने गुटख्यावर बंदी घातली, ती देशात प्रथम. मग काय झाले, हे इंदूरकरांस सांगायला नको. गुटख्याचा पानमसाला झाला, तंबाखूची छोटी पुडी शेजारी निराळी लटकू लागली, आणि नट-नट्या वेलचीची जाहिरात करू लागल्या. छाप तोच, रंग तोच, अक्षरांचे वळण तेच. लोटस आणि जॉर्डनच्या मोटारींचा धडा इथल्या कारखानदारांनी कोणत्याही विद्यापीठात न जाता गिरवला आहे.

तरुण रुग्णाला तू काय खातोस असे विचारले, तर तो फारसे नाव सांगत नाही, हा माझ्या दवाखान्यातला नित्याचा अनुभव आहे. "साहब, वो हरी वाली पुड़िया," असे उत्तर येते. नाही तर "लाल वाली". बिडीच्या बंडलावरचे चित्र पाहून माल घेणाऱ्या निरक्षर गिऱ्हाइकासाठी 'छाप' हा शब्द आपल्या भाषेत रूढ झाला. शिकलेल्या नातवाची गतही आज काही निराळी नाही.

हे ओळखून नेमका उपाय केला तो ऑस्ट्रेलियाने. १ डिसेंबर २०१२ पासून तेथे सर्व सिगारेटी एकाच मळकट तपकिरी पाकिटात विकल्या जाऊ लागल्या. नाव ठेवण्यास परवानगी, पण साध्या ठरावीक अक्षरांत. रंग आणि चिन्ह मात्र संपूर्ण वर्ज्य. म्हणजे नाव राहू दिले आणि घंटा काढून घेतली. नाव काढून रंग ठेवणाऱ्या मोटारींचे हे बरोबर उलटे उत्तर होते. आपल्याकडे २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला जातो, हेही मोठेच पाऊल आहे. परंतु पानमसाल्याची पुडी त्या नियमाबाहेर आपल्या मूळ रंगांत मिरवते आहे. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने अशा आडवाटेच्या जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. तत्त्वे कागदावर आहेत. ती पाळली जातात की नाही, हे पाहणारे डोळे आपले हवेत.

वाचकहो, म्हणून तीन गोष्टी सुचवतो. रुग्णाचा इतिहास घेताना 'तंबाखू खातोस का' एवढेच विचारून थांबू नये. पुडीचा रंग विचारावा, उत्तर अधिक खरे मिळते. आपल्या घरातील मुले सामने पाहत असतील तेव्हा सीमारेषेवरच्या फलकांकडे बोट दाखवून ही वेलची नेमकी कोणाची, हे त्यांना सांगावे. मुलांना कोडी सुटलेली आवडतात आणि फसवले जाणे मुळीच आवडत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःविषयी आहे. गणेशोत्सवाची कमान, व्याख्यानमालेचा फलक, क्रीडास्पर्धेचा चषक आणि या स्मरणिकेची जाहिरातींची पाने, हे सगळे प्रायोजकांच्या मदतीवर उभे राहते. ती मदत आवश्यक आहे आणि देणाऱ्यांचे आपण ऋणी आहोत. परंतु मराठी समाजाने या शहरात पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली पत आणि डॉक्टरांवरचा लोकांचा विश्वास हेही एक निशाणच आहे. ते पानमसाल्याच्या किंवा त्याच्या नावाने निघालेल्या वेलचीच्या, केशराच्या, पाण्याच्या कोणत्याही छापाला भाड्याने द्यायचे नाही, असा ठराव आपल्या मंडळाने येत्या सर्वसाधारण सभेत करावा, अशी माझी विनंती आहे. ठराव मांडण्यास मी तयार आहे. अनुमोदक हवा आहे.